सोडून द्यायचा, तर धरावा कशाला?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शब्बाथ शाळेत पेत्र व त्याचे सोबती यांच्या मासेमारीचा धडा चालू होता. धडा थोडा रंगावा म्हणून मी खिशातील मोबाइल काढून मुलांना काही छायाचित्रे दाखविली. माझा भाचा बरीच वर्षे अमेरिकेत असतो. तो आपल्या मुलाला घेऊन कोस्टा रिका या देशी, पॅसिफिक महासागरावर मासे धरावयास गेला होता, आणि तेथील चित्रे त्याने मला मोठ्या हौसेने धाडली होती. निळेशार पाणी, पांढरी नौका, आणि पाण्याबाहेर उसळलेला, पाठीवर शिडासारखा पंख उभारलेला एक विलक्षण देखणा मासा! मुले हरखून गेली. एकाने विचारले, "सर, मग तो त्यांनी खाल्ला का?" मी म्हणालो, "नाही, बाळ. गळ काढून पुन्हा समुद्रात सोडून दिला."

तेव्हा मागच्या बाकावरील आठ वर्षांचा एक मुलगा उठून उभा राहिला. "सोडून द्यायचा होता, तर धरला कशाला?"

मी म्हणालो, "अरे, तो खेळ असतो."

"कोणाचा?" त्याने विचारले.

इतक्यात घंटा झाली आणि मी सुटलो. मुले आपापल्या घरी गेली, पण तो एका शब्दाचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्या रात्री मी भाच्याला जरा कडकच पत्र लिहिले. ते धाडले नाही ही देवाची कृपा. कारण पत्र पुरे झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्या गोष्टीविषयी मी एवढा निवाडा देत होतो तिची मला पुरती माहितीही नव्हती. म्हणून प्रथम माहिती करून घेतली, भाच्याशी बोललो, आणि मग विचार केला. तोच विचार आज वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींपुढे, ठेवीत आहे.

हा खेळ असतो तरी कसा?

कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतील चिमुकला देश. १९४८ साली त्याने आपले सैन्यच बरखास्त केले, यासाठी तो जगात प्रसिद्ध आहे. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर केपोस नावाचे गाव आहे. एके काळी ते केळ्यांचे बंदर होते. केळीच्या बागांवर रोग पडला, तेव्हा तेथे तेलाच्या ताडांची लागवड झाली. आणि पुढे मासे धरण्याच्या हौसेने येणाऱ्या पाहुण्यांचे ते मोठे केंद्र बनले. शेजारीच १९७२ साली स्थापन झालेले मान्वेल अँतोनियो राष्ट्रीय उद्यान आहे.

या मासेमारीचे दोन प्रकार आहेत. किनाऱ्यालगत, खडकांच्या व नदीमुखांच्या आसपास, लहान होड्यांतून चालते ती एक. तेथे आपल्या तांबोशीच्या कुळातील मोठे मासे सापडतात, जिताड्याची आठवण करून देणारा रोबालो सापडतो, आणि रूस्टरफिश म्हणजे कोंबडमासा सापडतो. या कोंबडमाशाच्या पाठीवर तुऱ्यासारखे सात लांब काटे असतात, आणि तो कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडील भागापासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्यावाचून जगात दुसरीकडे कोठे आढळत नाही. दुसरा प्रकार खोल समुद्रातील. तेथे यंत्राच्या नौका आमिष ओढीत मैलोगणती फिरतात. कुपा, सुरमईच्या कुळातील वाहू व डोराडो हे मासे खाण्यासाठी ठेवतात. पण लोक दूरदेशाहून येतात ते मुख्यत्वे मार्लिन आणि सेलफिश यांच्यासाठी. सेलफिश म्हणजे शिडाचा मासा. लांबीने माणसापेक्षा मोठा, तोंडाला भाल्यासारखे टोक, आणि उत्तेजित झाला की अंगावर निळ्या पट्ट्यांची झळाळी चढते. गळाला लागल्यावर तो पुनःपुन्हा पाण्याबाहेर झेप घेतो, आणि ती झेप पाहण्यासाठीच माणसे पैसे मोजतात.

हे मासे तेथे एवढे का सापडतात याचे कारण मला फार विचार करावयास लावणारे वाटले. पॅसिफिकच्या त्या भागात वरचा पाण्याचा थर उबदार व प्राणवायूने भरलेला असतो, पण थोडेच खाली गेले की पाणी थंड आणि प्राणवायूविरहित होत जाते. शिडाचा मासा जोरकस जीव आहे. त्याला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणून त्याला खोल जाता येत नाही. तो वरच्या पातळ थरात, जणू तळ वर आलेल्या घरात, राहतो. आपणांस तो विपुल दिसतो याचे एक कारण असे की त्याला दडावयास जागा थोडी आहे.

पूर्वी असा मासा धरला की त्याला मारून धक्क्यावर शेपटीने टांगीत व शेजारी उभे राहून छायाचित्र काढीत. पेरू देशातील काबो ब्लांको येथे ४ ऑगस्ट १९५३ रोजी आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकन गृहस्थाने १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून अधिक वजनाचा, काळा मार्लिन धरला. तो उच्चांक पुढे कित्येक दशके कोणाला मोडता आला नाही. आज मात्र रीत पालटली आहे. कोस्टा रिकात हौशी मासेमाराने शिडाचा मासा सोडूनच द्यावयाचा असतो. आमिष लावलेला गळ आकड्यासारखा सरळ नसून आत वळलेला, गोल असावा लागतो. कारण सरळ गळ मासा गिळतो व तो घशात किंवा पोटात रुततो; गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. ग्वातेमाला देशाच्या समुद्रात संशोधकांनी दोन्ही गळांची तुलना केली, तेव्हा सरळ गळाने रक्तबंबाळ होणाऱ्या माशांची संख्या कितीतरी पटींनी अधिक आढळली. माशाला नौकेत न ओढता पाण्यातच ठेवावे, थकला असेल तर नौकेच्या कडेने हळूहळू पुढे न्यावे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहून त्याच्यात जीव येतो, असेही तेथील तांडेल शिकवितात.

हे सारे वाचून माझा राग निम्मा उतरला. ज्याने गळाचा आकार बदलला त्याने निदान माशाच्या घशाचा विचार केला, हे कबूल करावयास हवे.

दोन देश, दोन कायदे

परंतु प्रश्न राहतोच. आणि तो केवळ आमच्या वर्गातील मुलालाच पडला असे नाही.

स्वित्झर्लंड देशाने प्राणिरक्षणाचे नवे नियम केले व ते २००९ पासून तेथे लागू झाले. त्यांनुसार, सोडून द्यावयाच्या हेतूनेच मासा धरणे हा गुन्हा ठरला. खावयाचा असेल तर धरा, आणि धरलात तर त्याला त्वरित, कमीत कमी यातना देऊन मारा. लहान अथवा संरक्षित मासा चुकून लागला तर अर्थातच सोडा. परंतु निव्वळ करमणुकीसाठी एका जिवाला गळाला लावून थकवावयाचे व मग उदारपणे सोडावयाचे, हे चालणार नाही. जर्मनीतही कायदा असे विचारतो की, प्राण्याला यातना देण्यास पुरेसे कारण काय होते?

आता पाहा, वाचकहो, केवढी ही नवलाची गोष्ट! कोस्टा रिका म्हणते, मासा सोडला नाहीस तर दोषी. स्वित्झर्लंड म्हणते, सोडण्यासाठीच धरलास तर दोषी. आणि दोघेही दयेच्या नावानेच बोलतात. याच कोस्टा रिकाने डिसेंबर २०१२ मध्ये करमणुकीसाठी जंगली जनावरांची शिकार करण्यास बंदी केली. लाखाहून अधिक नागरिकांच्या सह्यांनी तो ठराव विधिमंडळापुढे आला होता. मग जमिनीवरील हरणासाठी जो न्याय, तो पाण्यातील माशासाठी का नाही?

विचार केल्यावर मला असे वाटले की दोन्ही कायदे दोन निरनिराळ्या गोष्टींकडे पाहतात. एक माशांच्या जातीकडे पाहतो: जात टिकली पाहिजे, उद्याही समुद्रात शिडाचा मासा असला पाहिजे. दुसरा एकेका माशाकडे, आणि त्याहून अधिक गळ हाती धरणाऱ्या माणसाच्या हेतूकडे पाहतो. आपल्या नैतिक जीवनातही हे दोन प्रश्न आपण नेहमी एकमेकांत मिसळतो. "यातून नुकसान झाले का?" हा एक प्रश्न, "मी हे का केले?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समाधानकारक आले की दुसरा विचारावयाचेच आपण टाळतो.

माशाला दुःख होते काय?

येथे कोणी म्हणेल, "मासा तो मासा! त्याला काय कळते?" लहानपणापासून आपण असेच ऐकत आलो. मासा ओरडत नाही, रडत नाही, त्याच्या डोळ्यांना पापण्याही नाहीत. ज्याला रडता येत नाही त्याचे दुःख नाहीच असे मानणे सोयीचे असते.

या विषयावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला आहे. २००२ साली अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचे जेम्स रोझ यांनी असे मांडले की, दुःखाची जाणीव होण्यास मेंदूचा जो वरचा थर लागतो तोच माशाला नाही. म्हणून त्याची धडपड ही केवळ शरीराची प्रतिक्रिया आहे. पुढच्याच वर्षी, २००३ साली, ब्रिटनमध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशावरील प्रयोग प्रसिद्ध केले. माशाच्या तोंडाभोवती व डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांना सापडले. ओठांत दाहक द्रव्य टोचले तेव्हा मासे बराच वेळ अन्नाला तोंड लावीनात, अंग डोलवू लागले, आणि काही तर तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. वेदनाशामक औषध दिल्यावर हे वर्तन कमी झाले. वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु ओठ खड्यांवर घासणाऱ्या त्या माशाचे चित्र माझ्या मनातून जात नाही. कारण दाढ दुखत असता मीही गाल उशीवर घाशीत असतो.

मी शास्त्रज्ञ नाही. पण एवढे समजते की जेथे शंका आहे तेथे शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा हा प्रश्न शास्त्राचा नसून नीतीचा आहे. माशाला दुःख होत नाही असे धरून चाललो आणि ते चुकीचे ठरले, तर एका मुक्या जिवाला आपण गंमत म्हणून छळले असे होईल. दुःख होते असे धरून चाललो आणि ते चुकले, तर आपली एक करमणूक बुडाली, एवढेच. दोन पारड्यांतील वजने सारखी नाहीत.

आपल्या मंडळीच्या इतिहासात या विचाराला जुने मूळ आहे. प्राण्यांवरील निर्दयपणा थांबविण्यासाठी १८२४ साली लंडन येथे जी संस्था निघाली तिचे प्रवर्तक आर्थर ब्रूम हे एक पाळक होते, आणि गुलामांचा व्यापार बंद पाडणारे विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांपैकी होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगही भोगावा लागला. गाडीच्या घोड्यासाठी आणि बाजारच्या बैलासाठी तुरुंगात जाणारा पाळक! लोक त्या वेळी हसलेच असतील. मात्र याच्या उलट बाजूसही एक सज्जन उभा आहे. आयझाक वॉल्टन या भाविक इंग्रज गृहस्थाने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर जे पुस्तक लिहिले ते आजही वाचतात. नदीकाठी शांत बसून मनुष्य देवाच्या सृष्टीचे चिंतन करतो, असे त्याचे म्हणणे. आणि प्रभूने आपले पहिले शिष्य मासेमारांतून निवडले, याचा दाखला तो मोठ्या अभिमानाने देतो.

शास्त्र काय दाखविते?

वॉल्टनचा हा दाखला आपल्यापैकी पुष्कळांच्या जिभेवर असतो, म्हणून तो नीट पाहू. पेत्र, अंद्रिया, याकोब व योहान मासे धरीत ते पोटासाठी. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. तेथेही पेत्राला गळ टाकावयास सांगितले ते मंदिराचा कर भरावयाचा होता म्हणून. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूने स्वतः विस्तवावर मासळी भाजली व रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारी दिली. मासे धरून खाणे हे पाप नव्हे, हे यावरून उघड आहे. पण गरजेसाठी केलेल्या गोष्टीचा दाखला हौसेसाठी लावता येत नाही. कोणी उपाशी माणूस भाकर मागून घेतो म्हणून भरल्यापोटी दुसऱ्याच्या ताटातली भाकर ओढण्याचा हक्क आपणांस मिळत नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत पाखराचे घरटे दिसले आणि पक्षीण पिलांवर अथवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेतलीस तरी आईला जाऊ दे. मला वाटते, धरून सोडण्याविषयी इतके जुने वचन दुसरे क्वचितच असेल. घेण्याला मर्यादा आहे. मुळावर घाव घालू नये. हाती सापडले म्हणून सर्वच आपले नव्हे. कोस्टा रिकाचा कायदा नकळत याच वाटेने चालतो.

परंतु ज्या उताऱ्याने मला खरोखर अडविले तो ईयोबाच्या ग्रंथातील आहे. एकेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर ईयोबाला विचारतो की, लिव्याथान या प्रचंड जलचराला तू गळाने ओढून काढशील काय? आणि मग, पाखराशी खेळावे तसा तू त्याच्याशी खेळशील काय? आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी त्याला बांधून ठेवशील काय? किती वर्षे हा अध्याय मी वाचीत होतो, पण हा प्रश्न खेळाविषयी आहे हे ध्यानात आले नव्हते. ईयोबापाशी बळ नव्हते. त्याचे उत्तर "नाही प्रभू, मला शक्य नाही" एवढेच असू शकत होते. आज माणसापाशी यंत्राची नौका आहे, न तुटणारी दोरी आहे, चाकाचे रीळ आहे. आज तो म्हणू शकतो, "होय, मी ओढून काढीन, आणि खेळेनही." तर मग प्रश्न संपला काय? मला वाटते, प्रश्न आता कोठे सुरू झाला. ज्याला शक्य नाही त्याच्या न करण्याला काय किंमत? शक्य असून न करणे ही खरी कसोटी.

आणि एकशे चाराव्या स्तोत्रात त्याच लिव्याथानाविषयी म्हटले आहे की देवाने त्याला समुद्रात क्रीडा करण्यासाठी निर्मिले. म्हणजे खेळ माशाचाही आहे. तो त्याचा आधीपासून चालू आहे. "खेळ कोणाचा?" या आमच्या मुलाच्या प्रश्नाला स्तोत्रकर्त्याने कित्येक शतकांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले होते, ते मला, शिक्षकाला, ठाऊक नव्हते.

भाच्याची बाजू

इतके झाल्यावर मी भाच्याला फोन केला. त्याने माझे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तीन गोष्टी सांगू?"

पहिली गोष्ट अशी: "आमचा तांडेल पूर्वी जाळी टाकायचा. आता तो मासे दाखवून व सोडून पोट भरतो. मेलेला शिडाचा मासा एकदाच विकला जातो, तोही स्वस्तात. जिवंत मासा उद्याही पाहुणे आणतो. आम्ही गेलो नाही, तर त्या माशाचा कैवार घेणारे तेथे कितीजण उरतील?" हे म्हणणे खोटे नाही. मैलोगणती दोऱ्यांना शेकडो गळ लावून जी व्यापारी मासेमारी चालते, तीत नको असलेले मासे, कासवेही सापडून मरतात. त्यापुढे ही हौशी मासेमारी सौम्यच म्हणावी लागेल. तरीही मला एक टोचणी लागली. पोटासाठी मासा मारणारा गरीब कोळी निर्दय ठरतो, आणि खेळासाठी त्याला दमवून सोडणारा श्रीमंत पाहुणा रक्षणकर्ता ठरतो. असा हिशेब मांडताना आपण थोडे थबकावे.

दुसरी गोष्ट: "मामा, तुम्ही काल काय जेवलात?" आता काय सांगू! सुरमई जेवलो होतो. ती जाळ्यात किती वेळ तडफडली, बर्फात कधी मेली, हे मी कधी विचारले नव्हते. स्वतः काही न धरता, बाजारातून तुकडे आणून, दुसऱ्याच्या गळाकडे बोट दाखविणे सोपे आहे. या मुद्द्यावर मी निरुत्तर झालो, आणि अद्यापही पुष्कळसा निरुत्तरच आहे. गरज ही सबब खरी असली तरी ती प्रत्येक ताटाला पुरते असे नाही.

तिसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज बदलला. वर्षभर बापलेकांत बोलणे नव्हते. मुलगा सोळा वर्षांचा. खोलीचे दार लावून बसायचा. त्या नौकेवर दोघांना एकमेकांवाचून दुसरे कोणी नव्हते. मासा गळाला लागला तेव्हा मुलाने प्रथमच हाक मारली, "बाबा, धरा!" आणि मासा सोडताना दोघांनी मिळून त्याची चोच धरून त्याला पाण्यात पुढे नेले. "तो निघून गेला तेव्हा आम्ही दोघेही रडलो, मामा. का ते मला सांगता येणार नाही."

यावर मी काय बोलणार? ज्या गोष्टीने दुरावलेला मुलगा बापाजवळ आला तिला मी निव्वळ क्रूरता म्हणू शकत नाही. परंतु दुसराही विचार मनात आला, आणि तो मी त्याला सांगितला. बापलेकांच्या मनातील गळ सुटला तो मासा धरताना की सोडताना? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोडताना."

माझे स्वतःचे

भाच्याचा न्याय करणारा मी कोण, हेही सांगितले पाहिजे. लहानपणी बेळगावजवळ मार्कंडेय नदीवर मी वडिलांबरोबर गळ घेऊन जात असे. वडील मिळतील ते चार मासे घरी आणीत, आई कालवण करी, आणि आभार मानून आम्ही जेवत असू. त्यात मला आजही काही वावगे वाटत नाही. पण एकदा मी एकटा गेलो होतो. हाताएवढा एक मासा लागला. तो घरी न्यावयाचा नव्हता; मला त्याच्याशी खेळावयाचे होते. खडकातील एका डबक्यात मी त्याला सोडला, दोरीने ओढले, पुन्हा सोडले. मग मित्रांनी हाक मारली आणि मी चेंडू खेळावयास धावलो. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा उन्हाने डबके आटले होते.

मोठा अपराध नव्हे, कोणी म्हणेल. पण पन्नासांहून अधिक वर्षे झाली तरी तो मासा मला दिसतो, आणि वडिलांनी आणलेले शेकडो मासे दिसत नाहीत. या फरकाला काही कारण असलेच पाहिजे. वडिलांच्या माशांची आम्हांला गरज होती, आणि त्यांची आठवण ताटावर ठेवलेली होती. माझा मासा माझ्या लेखी जीवच नव्हता. तो खेळणे होता, आणि खेळणे विसरता येते. बेडकांना दगड मारणाऱ्या पोरांची जुनी गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. ज्या खेळात एकाच बाजूने खेळावयाचे ठरविलेले असते, आणि दुसऱ्या बाजूला जिवाची बाजी लागलेली असते, त्याला खेळ म्हणता येईल काय?

तर मग काय म्हणावे?

माझा निष्कर्ष मी नम्रपणे मांडतो. वाचकांनी तो तपासून पाहावा.

खेळ म्हणून मारण्यापेक्षा सोडणे निश्चित चांगले. ज्यांनी धक्क्यावरील टांगलेले मासे बंद केले, गोल गळ आणला, मासा पाण्यातच ठेवावयास शिकविले, त्यांनी दयेच्या दिशेने खरी पावले टाकली. त्यांना हसू नये. पण सोडणे हे न धरण्याएवढे चांगले नव्हे. सोडणाऱ्याचे औदार्य, धरण्याने निर्माण केलेल्या यातनेतूनच जन्मते. स्वतः पाडलेल्याला हात देऊन उठविले म्हणून कोणी उपकारकर्ता ठरत नाही. आणि गरजेसाठी धरून, लवकर मारून, आभार मानून खाणे हे प्रामाणिक आहे. परंतु ती गरज खरी आहे ना, आणि समुद्रात उद्यासाठी काही उरते आहे ना, हे विचारण्याचे ओझे खाणाऱ्यावर आहे.

ज्याला ही हौस आहे त्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. छायाचित्र काढावयाचे नसते तर मी हे केले असते काय? माशाला पाहण्याचा आनंद गळावाचून मिळणार नाही काय? आणि माझ्या या सुखाची किंमत जो देतो त्याच्याकडे मी एकदा तरी पाहिले काय? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे मोठमोठे मासे डोहात फिरतात. गावकरी त्यांना धरीत नाहीत. येणारेजाणारे दाणे टाकतात, मासे वर येतात, मुले टाळ्या पिटतात. तेथे गळ नाही, तरी आनंद कमी नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात उभा राहिलो आणि त्या मुलाला म्हणालो, "गेल्या वेळी मी तुला चुकीचे उत्तर दिले. तो खेळ माशाचा होता. आपण मध्येच त्यात शिरलो." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्यांना पाप लागले का?"

मी म्हणालो, "ते देव जाणे. पण त्यांनी मासा जाताना पाहिला, आणि त्यांना रडू आले. रडू येते तेथे मन अजून मऊ असते."

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांचे असे प्रश्न घंटा झाली म्हणून सोडून देऊ नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि आठवडाभर ते शोधा. मुलाने मला गळाला लावले होते. मीही पुष्कळ धडपड केली. त्याने मला अजून सोडलेले नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.